पाणी उतरताना: वसंतात नदी-तळ्याकाठी पक्षी पाहायला आणि टिपायला सुरुवात कशी करावी

पक्षी पाहायचे दिवस म्हणजे डिसेंबर-जानेवारी, असं बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तेव्हा परदेशी बदकं असतात, हवा छान असते, सहली निघतात. तरीही ज्यांनी आजवर दुर्बीण हातात धरलेली नाही त्यांना माझं सांगणं असतं, की सुरुवात फेब्रुवारीच्या मध्यापासून करा आणि एप्रिल संपेपर्यंत सोडू नका. कारण या दिवसांत पाणी उतरतं. धरणाचा फुगवटा असो, गावतळं असो की नदीतला डोह, काठ दर आठवड्याला आत सरकतो आणि मागे ओला गाळ उघडा पडतो. त्या गाळात अळ्या, किडे, गोगलगाई, शिंपले आणि डबक्यांत अडकलेली बारीक मासळी असते. खाणं काठाशी आलं की खाणारेही काठाशी येतात. जानेवारीत तळ्याच्या मधोमध नुसते ठिपके वाटणारे पक्षी मार्चमध्ये डोळ्यांनी ओळखू येतील इतक्या अंतरावर चरताना दिसतात. शिवाय काठावरची बरीच झाडं पानगळीनं मोकळी झालेली असतात, आणि इथले रहिवासी पक्षी विणीच्या रंगात यायला लागलेले असतात.

आधी एक पाणवठा धरा

भिगवण, नांदूरमध्यमेश्वर, जायकवाडी ही नावं सध्या बाजूला ठेवा. घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल असा एकच पाणवठा निवडा आणि पुन्हा पुन्हा तिथेच जा. पुण्यात पाषाण तलाव किंवा लोणी काळभोरच्या अलीकडचा कवडीपाट, कोल्हापुरात रंकाळा किंवा कळंबा, नागपुरात अंबाझरी किंवा गोरेवाडा, गोव्यात करमळीचं तळं. यातलं काहीच जवळ नसेल तर गावाबाहेरचा पाझर तलाव आणि ओढ्यावरचा बंधारासुद्धा चालतो. नव्या माणसाला नव्या जागा लागत नाहीत, ओळखीची जागा लागते. एका काठावर नेहमी कोण असतं हे कळलं की कोण नवीन आलं आणि कोण निघून गेलं तेही आपसूक कळतं. दर रविवारी वेगळं ठिकाण गाठणाऱ्यांची यादी लांबते, पण शेकाट्या आणि तुतवार यांच्यातला फरक त्यांना वर्षभरानंतरही दुसऱ्यालाच विचारावा लागतो.

जागा निवडताना चार गोष्टी बघा. उथळ, उतरता काठ हवा. दगड रचून बांधलेल्या सरळ भिंतीवर पक्षी टेकत नाहीत. थोडा चिखल आणि थोडं पाणकणीस हवं. नदी असेल तर मातीची उभी दरड कुठे आहे ते शोधा, कारण वेडे राघू आणि खंड्या तिथेच बिळं करतात. चौथी गोष्ट सूर्याची. सकाळी जाणार असाल तर पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघता आलं पाहिजे, म्हणजे ऊन तुमच्या पाठीवर आणि पक्ष्याच्या अंगावर पडेल. मोबाइलमधल्या नकाशाचं उपग्रहचित्र उघडलं तर हे सगळं घरबसल्या ठरवता येतं. पूर्ण जलपर्णीनं झाकलेलं तळं मात्र नको. तिथे जांभळी पाणकोंबडी आणि नशीब असेल तर कमळपक्षी दिसेल, बाकी हिरवा गालिचाच बघत बसावं लागेल.

एक कटू गोष्ट इथेच सांगून टाकतो. पक्ष्यांची गर्दी दिसली म्हणजे पाणी चांगलं, असं नसतं. शहरांचं सांडपाणी घेऊन वाहणाऱ्या नद्यांच्या काठी शेकाटे आणि धोबी हे पक्षी झुंडीनं दिसतात, कारण त्या घाणीत डासमाश्यांच्या अळ्या भरपूर पोसतात. कवडीपाटला बंधाऱ्यात अडकलेल्या प्लॅस्टिकवर उभे राहिलेले बगळे बघितले की वाईट वाटतं आणि फोटोही बरे मिळतात. असल्या पाण्यात पाय घालू नका, परत आल्यावर हात साबणानं धुवा, बूट बाहेर ठेवा.

कोणत्या महिन्यात काय

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात हिवाळी बदकं अजून असतात. फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, टोकदार शेपटीचं तलवार बदक, करड्या अंगाचा गढवाल, नारिंगी-तपकिरी चक्रवाक. मार्च अर्धा सरला की हे थवे विरळ होत जातात. मग जी बदकं उरतात त्यांच्यात हळदी-कुंकू बदक बघा. चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि बुडाशी दोन तांबडे ठिपके असतात. हे बदक इथलंच, त्यामुळे उन्हाळ्यातही सोबत करतं.

मार्च हा रंग बदलण्याचा महिना. उजनीसारख्या मोठ्या पाण्यावर तपकिरी डोक्याचे कुरव असतात. नावाला तपकिरी डोक्याचे, पण हिवाळाभर त्यांचं डोकं पांढरं असतं आणि कानामागे फक्त एक काळसर डाग असतो. मार्चमध्ये त्याच थव्यात कुणाचं डोकं अर्धं रंगलेलं, कुणाचं पूर्ण, कुणाचं अजून कोरं, असे सगळे नमुने एकत्र दिसतात. काही धोब्यांमध्येही पिवळा रंग चढत जातो. याच दिवसांत पळस, पांगारा आणि सावर फुललेली असते आणि त्यांवर गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या धुडगूस घालत असतात. मध्य आशियाकडे परतण्याआधी त्या मोठ्या थव्यांनी जमतात आणि संध्याकाळी पाणकणसात किंवा बाभळीत उतरतात. हा कार्यक्रम फुकट असतो, तो चुकवू नका.

एप्रिलमध्ये रहिवाशांचं राज्य. एरवी मातकट दिसणाऱ्या वंचकाची, म्हणजे तळ्याकाठच्या छोट्या बगळ्याची, पाठ गडद तपकिरी-लालसर होते, गायबगळ्याचं डोकं आणि मान केशरी व्हायला लागते. टिबुकलीचा गळा तांबूस होतो आणि तिची खिदळल्यासारखी किलबिल तळ्यावर ऐकू येते. पुलाखाली तारवाल्या भिंगऱ्या मातीच्या गोळ्यांनी वाटीसारखं घरटं लिंपत असतात. काठावरच्या वडा-उंबरावर तांबटाचं टुक-टुक दिवसभर चालू असतं, आणि पावशाचं ‘पेरते व्हा’ सुरू झालं की समजा, ऊन खरंच तापलं.

बरोबर काय न्यायचं

पैसे खर्च करायचे तर आधी दुर्बिणीवर करा, कॅमेरा नंतर. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. त्यातला ८ म्हणजे आठ पट मोठं दिसणं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवशिक्यानं १० पटीच्या मोहात पडू नये. हात हलतो, चित्र हलतं आणि उडता पक्षी चौकटीत सापडत नाही. रस्त्यावर मिळणाऱ्या ‘वीस बाय, पन्नास बाय’वाल्या खेळण्यांकडे बघूही नका.

बाकी वही, पेन्सिल, टोपी, पाणी, खाऊ. कपडे मातकट, खाकी किंवा मळका हिरवा. पांढरा सदरा आणि भगवा टी-शर्ट नको. अत्तरही नको, कारण पुलांच्या कमानीला आणि उंच झाडांना आग्यामोहोळ असतात. एक काठी मात्र जरूर घ्या. उतरलेल्या पाण्याचा गाळ वरून कडक, भेगाळलेला दिसतो आणि खाली लोण्यासारखा मऊ असतो. काठी रोवून बघितल्याशिवाय पाय टाकू नका, गुडघ्यापर्यंत रुतलेला माणूस एकट्यानं लवकर बाहेर येत नाही. पहिले काही दिवस कुणाला तरी सोबत घ्या. धरणाच्या भिंतीवर किंवा पंपहाउसजवळ फोटो काढायचे असतील तर आधी रखवालदाराला विचारा, कित्येक ठिकाणी मनाई असते.

काठावर कसं बसायचं

सगळ्यात महत्त्वाचं हेच. उजाडायच्या वेळी पोचा. मार्चच्या उत्तरार्धात आपल्याकडे साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा तुम्ही जागेवर बसलेले हवेत, रस्त्यात नव्हे. पक्ष्यांच्या मागे चालत जाणं ही नव्या माणसाची स्वाभाविक ओढ असते आणि ती आवरायला शिकणं म्हणजे अर्धी विद्या. झुडपाच्या किंवा बांधाच्या आडोशाला बसा, मागे काहीतरी असू द्या, म्हणजे आकाशावर तुमची आकृती उठून दिसणार नाही. तुम्ही आल्यावर जे उडतात ते थोड्या वेळानं परत येतात. अर्ध्या तासानंतर काठ तुम्हाला विसरतो.

आता समोरचा वंचक बघा. मान खांद्यात दडवून, कुबड काढून, चिखलाच्या रंगाचा होऊन उभा. तो तसाच राहिला तर तुमचं अंतर बरोबर आहे. त्याची मान हळूच वर आली, अंग बारीक झालं आणि तो पुतळ्यासारखा थिजला, तर तुम्ही जास्त जवळ आलात. तेव्हाच थांबा, किंबहुना दोन पावलं मागे घ्या. नाही घेतलीत तर तो ‘क्वॅक’ करून उडेल आणि मातकट पक्ष्याचे पांढरेशुभ्र पंख उघडतील. ते दृश्य सुरेख असतं खरं, पण त्यासाठी त्याची न्याहारी मोडायचं काम नाही. टिटवीकडेही असंच लक्ष ठेवा. ती ओरडली की सगळा काठ सावध होतो आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं वाया जातात. त्यामुळे काठावर उतरायच्या आधी टिटव्या कुठे बसल्या आहेत ते दुर्बिणीतून बघून वाट ठरवावी.

दुर्बीण वापरायची एक खूण. पक्षी साध्या डोळ्यांनी दिसला की नजर तिथून हलवू नका, नजर तशीच रोखून दुर्बीण डोळ्यांशी आणा. खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी हरवला म्हणून समजा.

ओळख पटवताना

रंग सगळ्यात शेवटी बघा, कारण सकाळच्या उजेडात रंग फसवतात. आधी आकार, मग चोच, मग पाय, मग तो करतोय काय. पांढरे बगळे सगळे सारखेच वाटतात, त्यांच्यापासून सुरुवात केली तर हात चांगला बसतो. काळी चोच, काळे पाय आणि पिवळे पंजे असतील तर लहान बगळा. पिवळी चोच, बुटका, गुरांच्या पायांत घुटमळणारा तो गायबगळा. मोठा बगळा ओळखायचा जबड्याच्या रेषेवरून, ती डोळ्याच्याही मागे जाते.

मग खंड्याची घरची मंडळी. चॉकलेटी डोकं, पांढरी छाती आणि लाल चोचीचा नेहमीचा खंड्या पाण्यापासून दूर, विजेच्या तारेवरही दिसतो. चिमणीएवढा निळा-नारिंगी छोटा खंड्या पाण्याला धरून असतो. काळ्या-पांढऱ्या कवड्या खंड्याला मात्र फांदी लागतच नाही. तो पाण्यावर एका जागी पंख फडफडवत, चोच खाली करून तरंगतो आणि दगड सोडावा तसा सरळ कोसळतो. छातीवर दोन काळे पट्टे असतील तर नर, एकच तुटका असेल तर मादी. नवशिक्याला नर-मादी ओळखल्याचा आनंद देणारा याच्याइतका सोपा पक्षी नाही.

मर्लिन हे फुकट अ‍ॅप फोटोवरून आणि आवाजावरून नाव सुचवतं. वापरा जरूर, पण त्यानं सांगितलं म्हणून वहीत लिहू नका. सुचवलेला पक्षी या महिन्यात, या भागात असतो का ते बघा आणि दोन खुणा स्वतःच्या डोळ्यांनी पटवा.

आता कॅमेरा

मोठ्या झूमचा एकसंध ब्रिज कॅमेरा सुरुवातीला उत्तम. बदलत्या भिंगांचा कॅमेरा घरात असेल तर ७०-३०० मिलिमीटरचं भिंग पुरे, १५०-६०० ची घाई नको. मोबाइलच्या झूमनं पाणपक्षी टिपायचा प्रयत्न करू नका, दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल टेकवून ओळखीपुरता फोटो मात्र मिळतो.

बसलेल्या पक्ष्याला शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या आसपास, उडत्याला १/१६०० किंवा त्याहून जलद. भिंगाचं छिद्र एफ ५.६ ते ८. आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा. दाणे पडतील म्हणून घाबरू नका, दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. फोकस सतत मागोवा घेणाऱ्या पद्धतीवर ठेवा आणि नेम डोळ्यावर धरा. चोच धूसर चालेल, डोळा धूसर असेल तर फोटो गेला.

नव्या माणसाचे निम्मे फोटो वाया जातात ते उजेडाच्या मापात. कॅमेरा चौकटीतला सगळा उजेड सरासरी करडा धरून मोजतो. गडद पाण्यावर पांढरा बगळा असला की त्याला वाटतं दृश्य अंधारं आहे. तो उजेड वाढवतो, आणि बगळ्याच्या पिसांच्या जागी कोरा कागद उरतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड हातानं कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ ते उणे १ वर न्या. चमकत्या पाण्यावर काळा पाणकावळा असेल तर उलट, अधिक ०.७ ते अधिक १. फोटो काढल्यावर पडद्यावर नुसता ‘छान आलाय’ म्हणून बघू नका, मोठा करून पिसं दिसतात का ते बघा. बगळा तुमच्यापुढे तासभर उभा असतो, तेव्हा सराव त्याच्यावरच करा.

उंची दुसरी महत्त्वाची. उभ्यानं खाली बघून काढलेला पाणपक्ष्याचा फोटो म्हणजे चिखलावरचा पक्षी. बसून, जमल्यास पोटावर पालथं पडून, भिंग पाण्याच्या पातळीला आणलं की मागचा काठ धूसर होतो आणि पक्षी उठून येतो. जुनी सतरंजी किंवा खताची रिकामी गोणी याला फार उपयोगी, भिंग टेकवायला तांदळानं भरलेली कापडी पिशवीही. तिपाई चिखलात फक्त अडचण करते.

उडतानाचा फोटो हवा असेल तर वारा पाठीवर घ्या. पक्षी वाऱ्याकडे तोंड करूनच उडतात आणि उतरतात, म्हणजे ते तुमच्याकडे तोंड करून येतील. उडायच्या क्षणाआधी पुष्कळ पक्षी पुढे झुकतात आणि विष्ठा टाकतात, ते दिसताच बोट दाबून धरा. खंड्या मासा घेऊन बहुधा त्याच फांदीवर परत येतो, त्यामुळे फांदीवर आधीच नेम धरून ठेवावा.

नऊ-साडेनऊनंतर मार्च-एप्रिलचं ऊन चढलं की पाण्यावर आणि गाळावर हवा थरथरायला लागते. त्यानंतर लांबचा एकही फोटो धारदार येणार नाही, भिंग कितीही महागडं असो. सामान आवरून घरी जा, चार वाजल्यानंतर परत या.

घरट्यांबाबत

वसंतात ही गोष्ट फार जपायची. टिटवी उघड्या माळावर, नदीच्या वाळूत, खड्यांच्या रंगाची अंडी घालते, बहुधा चार. शेकाटेही उथळ काठाला घरटी करतात. एप्रिलच्या उन्हात त्या अंड्यांना ऊब नव्हे, सावली लागते. म्हणून टिटवी त्यांच्यावर सावली धरून बसते, मधूनच पाण्यात पोट भिजवून येते आणि अंडी ओली करते. तुम्ही फोटोसाठी अर्धा तास जवळ बसलात तर तेवढा वेळ ती दूर राहते आणि अंडी उन्हात भाजतात. टिटवी डोक्यावरून झेपावायला लागली की आल्या वाटेनं, पायाखाली बघत, माघारी फिरा. घरट्याभोवतीचं गवत-काड्या बाजूला करून फोटो काढणं तर सरळ कावळ्यांना पत्ता देणं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित पक्ष्यांची अंडी-घरटी बिघडवणं हा गुन्हाही आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलवणंही या दिवसांत टाळा. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, आणि पिलांना भरवायचं सोडून तो तुमच्या फोनशी भांडत बसतो.

हात बसल्यावर भिगवण

दोन-तीन महिने आपला काठ पाहून झाला की मोठ्या पाण्यावर जा. भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा पुण्याहून सोलापूर रस्त्यानं साधारण शंभर किलोमीटरवर. कुंभारगाव आणि डिकसळ इथून होड्या निघतात. रोहित पक्षी कधी येतील हे पाण्यावर ठरतं. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर त्यांना उभं राहण्याइतकं उथळ पाणी नसतं आणि ते उशिरा येतात. म्हणून निघण्याआधी तिथल्या नावाड्याला फोन करून पाणी किती उतरलंय तेवढं विचारा.

होडीत बसतानाच नावाड्याला स्पष्ट सांगा, ‘दादा, उडवायचं नाही.’ पर्यटकांना पंखांचा लाल रंग बघायचा असतो म्हणून कधी कधी होडी थव्यात घातली जाते. तुम्ही आधी बोललात तर तेच लोक मोटर बंद करून वल्ह्यानं, तिरक्या रेषेत होडी नेतात. पाण्याची आणि पक्ष्यांची त्यांना आपल्यापेक्षा चांगली जाण असते. रोहित चोच उलटी पाण्यात घालून चरत असतात. चरता चरता सगळ्यांच्या माना एकदम वर आल्या की तिथेच थांबायचं. परतताना भिगवणला चिलापीचं जेवण करून या, आणि वेळ असेल तर इंदापूर गावातल्या चिंचांवरची चित्रबलाकांची वसाहत रस्त्यावरूनच बघा. नाशिककडच्यांनी निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर गाठावं, गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं. २०२० साली ती राज्यातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. तिथे निरीक्षण मनोरे आहेत, होडीची गरज पडत नाही.

नोंद ठेवा

तारीख, वेळ, जागा, पक्षी, अंदाजे किती आणि काय करत होते, इतकं वहीत पुरे. सवय झाली की तीच यादी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर भरा. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना चालते, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट नावाची, त्यात आपल्या तळ्याची यादीही घातली जाते. फोटो समाजमाध्यमावर टाकताना घरट्याची किंवा दुर्मीळ पक्ष्याची नेमकी जागा लिहू नका, पुढच्या रविवारी तिथे वीस भिंगं उभी राहतात.

वळवाचा पहिला पाऊस झाला की कॅमेरा आणि दुर्बीण हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. कपाटात चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या भिंगाला पावसाळ्यात हमखास बुरशी येते, आणि ती काढायचा खर्च ऐकून पक्षी पाहायची हौसच उतरते.